बाबांना विचारलेले प्रश्न

माझं लग्न जमलं ते कोबॉलमुळे. ही मंडळी मला बघायला चांदवडला आली तेव्हा मुलगा गप्प होता, मुलाची आई खिडकीतून कांद्याची चाळ बघत होती आणि मुलाचे वडील मला विचारत होते, कॉलेजात कोबॉल ही कॉम्प्युटरची जुनी भाषा शिकवतात का म्हणून. मी म्हटलं, शिकवत नाहीत, पण लायब्ररीत एक जुनं पुस्तक होतं ते मी वाचलंय. झालं. पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी माझी तोंडी परीक्षाच घेतली. माझे वडील दारात उभे, त्यांना वाटलं पोरगी आता नापास होते. निघताना गाडीत बसण्याआधीच मुलाच्या वडिलांनी सांगून टाकलं की आमच्याकडून होकार आहे. मुलाला कुणी विचारलं होतं की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. सातपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथं त्यांची सगळी नोकरी झाली. लागले ते स्टोअरमध्ये कारकून म्हणून. कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कुणी धजेना. बाबांनी लावला. पुढे कारखान्याचा सगळा कारभार ज्यावर चालायचा तो प्रोग्राम त्यांनी जवळजवळ एकट्यानं लिहिला. माल किती आला, काय बनलं, कोणत्या ट्रकमधून कुठं गेलं, कोण कामावर आलं, कोण रजेवर आहे, पगार, ओव्हरटाइम, सगळं त्या एकाच प्रोग्राममध्ये. त्याला वेगळं नाव नव्हतं. कारखान्यातले लोक त्याला बाबांच्या आडनावानंच ओळखायचे. त्यामुळे घरी फोन यायचे तेही तसेच, की सकाळपासून आडनाव बंद पडलंय, काही हालचाल नाही, लवकर या. सासूबाई सांगतात, एकदा असा फोन त्यांच्या बहिणीनं घेतला आणि बिचारी तिथंच रडायला लागली.

बाबा रिटायर झाले तरी प्रोग्राम चालू राहिला. आणि दरवर्षी खंडेनवमीला कारखान्यातून त्यांना न्यायला गाडी यायची. शॉपफ्लोअरवर लोक आपापल्या मशीनची पूजा करायचे आणि कॉम्प्युटरच्या खोलीतली पूजा बाबांच्या हातची. ज्या लोखंडी कपाटात तो सर्व्हर होता त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. नारळ मात्र खोलीबाहेर फोडायचा, पाणी उडायला नको म्हणून. मग बाबा दोन शब्द बोलायचे, पेढे वाटायचे आणि कँटीनमध्ये जुन्या लोकांबरोबर जेवून दुपारी घरी. आदल्या दिवशी ते स्वतः गंगेवर, नदीकाठच्या फुलबाजारात जाऊन झेंडू आणायचे, कारखान्यानं आणलेला हार त्यांना चालायचा नाही. रिटायर झालेल्या माणसाला वर्षातून एकदा गाडी न्यायला येते, ही गोष्ट आमच्या गल्लीत लहान नव्हती. सासूबाई त्या दिवशी उगाच दोनदा फाटकापाशी जायच्या.

तो प्रोग्राम बदलायचं काम माझ्या पदरात पडलं. गंगापूर रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरी करते आणि हे असलं जुनं काढून नवं बसवणं हाच आमचा धंदा. मला काम नाकारता आलं असतं. साहेब म्हणाले होते, घरचा मामला आहे, दुसऱ्या कुणाला देतो. मीच म्हटलं, नको, मला द्या. घरी तो प्रोग्राम लिहिणारा माणूस बसलाय, बाहेरच्याला वर्ष लागेल ते मी चार महिन्यांत समजून घेईन. असं मी साहेबांना बोलून दाखवलं, बढाई मारल्यासारखं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

कारखान्याची अडचण खरी होती, हे मात्र सांगायला हवं. बाबांचा प्रोग्राम होता भक्कम, पण सगळं एकमेकांत गुंतलेलं. माल घेणारी एखादी कंपनी म्हणायची, खोक्यावरचं लेबल आम्हाला वेगळं पाहिजे. लेबल बदलायला जावं तर स्टोअरपासून पगारापर्यंत सगळं तपासावं लागायचं, कारण कुठं काय हलेल याचा नेम नाही. एकदा लेबलात एक ओळ वाढवली तर कँटीनची कुपनं छापायची बंद पडली. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. बाबा नोकरीत होते तोवर ते ओळखायचे की हे तिथून आलं असणार. ते रिटायर झाल्यावर लोक प्रोग्रामला हात लावायलाच घाबरायला लागले, आणि नव्या गोष्टी मागणाऱ्या कंपन्या दुसरीकडे जायला लागल्या.

यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. मी ती बाबांना लग्नाचं उदाहरण देऊन सांगितली. पूर्वी घरातली एखादी आत्या सगळं लग्न एकटी उचलायची. मांडव तिच्या डोक्यात, भाजी किती चिरायची ते तिच्या डोक्यात, कुणाला काय आहेर तेही तिच्याच डोक्यात. ती आजारी पडली की लग्न आडवं. आता मांडववाला वेगळा, आचारी वेगळा, फुलंवाला वेगळा. प्रत्येकाला सांगून ठेवायचं की तुझ्याकडून हे एवढं हवं, कसं करतोस ते तुझं तू बघ. आचारी आवडला नाही तर बदला, मांडवाला धक्का लागत नाही. तसंच स्टोअर ही एक सर्व्हिस, डिस्पॅच एक, हजेरी एक, पगार एक. एकमेकांना निरोप पाठवतील, पण एकमेकांच्या घरात शिरणार नाहीत. उद्या लेबल बदलायचं तर डिस्पॅचपुरतं बदला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, जेवण कमी पडलं तर धरायचं कुणाला. मी म्हटलं, आचाऱ्याला. ते म्हणाले, आचारी म्हणेल मला माणसं कमी सांगितली होती. मग दोघंही हसलो. त्यांना वाद घालायला आवडायचं आणि माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, त्यामुळे आमचं जमायचं.

पण माझा प्रोग्राम जाणार का, असंही त्यांनी त्याच दिवशी विचारलं. सरळ विचारलं. मी सांगितलं, नाही, तो आत तसाच राहणार, आम्ही त्याला बाहेरून खिडक्या पाडणार, नवी माणसं खिडकीतून मागतील आणि आतून तुमचाच प्रोग्राम उत्तर देईल. हे खोटं नव्हतं. सुरुवात तशीच करतात. जुन्या प्रोग्रामभोवती सर्व्हिसचं आवरण घालायचं म्हणजे काम न थांबता चालू राहतं. पुढचं मात्र मी बोलले नाही. आवरण घातल्यावर आतलं एकेक काम काढून नव्याकडे द्यायचं. बाहेरच्याला कळतसुद्धा नाही की उत्तर आता दुसरं कुणी देतंय. शेवटी आत काही उरत नाही आणि मग जुनं बंद करायचं. बाबांनी ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मनाला म्हटलं, वेळ आली की सांगू.

मग आमच्या सकाळच्या बैठका सुरू झाल्या. चहा झाला की बाबा आणि मी डायनिंग टेबलावर बसायचो. मी विचारायचे, एकाच मालाचे दोन नंबर का आहेत, रविवारच्या पाळीचा हिशेब असा उलटा का केलाय. बाबा डोळे मिटून थोडा वेळ बसायचे आणि मग धडाधड सांगायचे. कुठल्या संपानंतर काय ठरलं, कुठल्या साहेबानं काय हट्ट धरला, सगळं. रिटायर झाल्यापासून माणूस बनियनवर बसून टीव्ही बघायचा, तो आता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी टेबलावर हजर. मला उशीर झाला की म्हणायचे, सूनबाई, लेट मार्क. संध्याकाळी फिरायला गेले की गंगापूर रोडवरच्या ट्रॅकवर मित्रांना सांगायचे, सून माझ्या प्रोग्रामला नवं रूप देतेय. सासूबाईंनी एकदा मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, तुझ्यामुळे ह्यांना परत नोकरी लागल्यासारखं झालंय गं.

आणि इकडे मी त्यांच्याकडून एक गाठ समजून घ्यायची आणि ऑफिसात जाऊन तीच सोडवायची. स्टोअर निघालं. डिस्पॅच निघालं. खरं सांगायचं तर काम उत्तम चाललं होतं. लेबलं दोन दिवसांत बदलायला लागली, गेलेली एक कंपनी परत आली, साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला कामाचा आनंद होत होता, तो लपवून काय करू. पण रोज सकाळी समोर बसलेल्या माणसाच्या हातचं मी काढून घेतेय आणि तोच मला कुठून धरायचं ते दाखवतोय, हे कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. शेवटी हजेरी आणि पगार राहिले. वटपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी तेही नव्याकडे गेले आणि आम्ही जुना प्रोग्राम बंद केला. कारखान्यातल्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख आणि मी, दोघंच होतो खोलीत. त्यानं विचारलं, सरांना सांगितलंय ना. मी म्हटलं, आज सांगणार.

मी खरंच सांगणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले ती तोंडात वाक्य घेऊनच. टेबलापाशी आले तर बाबा शर्ट घालून तयार, आणि सासूबाई कपबशा मांडताना म्हणाल्या, आज ह्यांना पहाटेपासून काहीतरी आठवलंय, तुला सांगायचंय म्हणून बसलेत. बाबा सांगायला लागले. रजा पुढच्या वर्षात कशी जाते त्यातली एक खोच होती. आदल्याच दिवशी ती पुसून गेली होती. मी ऐकत राहिले. मध्येच मी एक प्रश्नसुद्धा विचारला. तो तोंडातून कसा गेला ते मला कळलं नाही, पण बाबांचा चेहरा असा उजळला की पुढचं वाक्य मी चहाबरोबर गिळून टाकलं.

तिथून माझी अधोगती सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. सांगायचं राहिलं ते राहिलंच, वर मी प्रश्न तयार करायला लागले. अगदी तयार करायला. स्कूटरवरून ऑफिसला जाताना सिग्नलला उभी राहिले की डोक्यात तेच, उद्या बाबांना काय विचारायचं. फार सोपं नको, त्यांना शंका येईल. फार अवघड नको, आठवलं नाही तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वागतात. नागपंचमीला रजेचं विचारलं. गणपतीत ओव्हरटाइमचं विचारलं. त्यांचं उत्तर मी मान डोलवत ऐकायचे, मोबाइलवर काहीतरी टिपून घेतल्यासारखं करायचे. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, सांगून टाक. मी त्याच्यावरच खेकसायचे, तुझे वडील आहेत, तू सांग. मग तोही गप्प बसायचा. म्हणजे घरात आम्ही दोघं मूग गिळून आणि मधे बाबा आनंदात. मनातून मला लाज वाटायची, पण लाज वाटते म्हणून कुणी सुधारतं असं नाही. मी दुसरा प्रश्न शोधायचे.

नवरात्र लागलं आणि कारखान्यातून फोन आला की खंडेनवमीला सरांसाठी गाडी पाठवतो. मी कॉम्प्युटर विभागाच्या त्या प्रमुखाला भेटले. तो बाबांच्या हाताखाली शिकलेला, त्यांना मानणारा. मी त्याला खरं काय ते सांगितलं आणि दोघांनी मिळून एक डोकं चालवलं. कपाट अजून जागेवरच होतं, फक्त बंद. त्याचे पंखे आणि पुढचे हिरवे दिवे तेवढे चालू करून ठेवायचे. घरघर ऐकू येईल, दिवे लुकलुकतील, बाबा पूजा करतील, पेढे वाटतील, घरी येतील. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मी स्वतः त्याला म्हटलं की दिवे नीट लुकलुकले पाहिजेत. असा मूर्खपणा शिकलेली माणसंच करू शकतात, बिनशिकलेल्याला हिरवे दिवे कुठून लावता येणार.

त्या दिवशी बाबा म्हणाले, यंदा तूही चल, पूजा दोघांची आहे. मी कारणं सांगितली, एकही चाललं नाही. गाडीत मांडीवर झेंडूचा हार घेऊन ते पुढे बसले होते आणि मी मागे. खोलीत गेलो. कपाट घरघरत होतं. बाबांनी हळदकुंकू वाहिलं, हार घातला, दोन्ही हात जोडून डोळे मिटले. मी त्यांच्या मागे हात जोडून उभी. देवासमोर मी इतकी खोटी कधी उभी राहिले नव्हते, आणि इथं तर देवही नव्हता. नारळ बाहेर फुटला. मग सगळे बाहेरच्या मोकळ्या जागेत जमले. जुने कामगार होते, ऑफिसातले लोक होते, यंदा नव्यानं आलेले प्लांटचे मोठे साहेब होते.

बाबा दोन शब्द बोलायला उभे राहिले. एरवी ते लोखंडी कपाट आणि जुन्या दिवसांबद्दल बोलायचे. यंदा माझ्याबद्दल बोलले. म्हणाले, माणूस म्हातारा होतो तसा प्रोग्रामही होतो. माझ्या प्रोग्रामचं नशीब एवढं, की तो घरच्याच लेकीच्या हातात पडला. तिनं त्याला बाहेरून नवं केलं आणि आतून जपलं. टाळ्या झाल्या. कॉम्प्युटर विभागातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आत काय आहे ते, तेही टाळ्या वाजवत होते आणि माझ्याकडे बघत होते. धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, ते मला त्या वेळी शब्दशः हवं होतं.

नंतर मोठे साहेब बोलले. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, आणि ते आम्हाला सुचलंही नव्हतं. ते हिंदीत बोलले, अगदी चांगल्या मनानं. म्हणाले, जून में हमने पुराना सिस्टम पूरा बंद कर दिया, तीस साल उसने कंपनी चलाई, आज उसकी आखिरी पूजा है, दिवाली के बाद ये कॅबिनेट यहाँ से निकल जाएगा. मग बाबांकडे वळून त्यांनी मान लववली.

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मी बाबांकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. मोठ्या साहेबांनाही काहीतरी चुकल्याचं जाणवलं असावं, कारण ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, सर को पता है ना. तेव्हा बाबांचा आवाज आला, नेहमीचा, खणखणीत.

"हो तर. सूनबाईनं मला त्याच दिवशी सांगितलं. मीच म्हटलं, यंदाची पूजा होऊ दे."

लोक हसले, मोठे साहेबही हसले, पुन्हा टाळ्या झाल्या. बाबांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि स्वतः एकेकाला पेढा देत फिरले. मलाही दिला. कँटीनमध्ये जुन्या लोकांबरोबर बसून व्यवस्थित जेवले, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय ते विचारलं, कुणाची थट्टा केली. मी समोरच्या टेबलावर ताट घेऊन बसले होते आणि घास फिरत होता. चारचौघांत मला तोंडघशी पाडायची त्यांना पुरी संधी होती. त्यांनी माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि माझी त्यांना साधं खरं सांगायची हिंमत झाली नव्हती.

परतताना ते पुढे न बसता मागे माझ्याशेजारी बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं असंच मला वाटत होतं. सातपूरचा सिग्नल मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"कधी बंद केलं म्हणालीस?"

मी काही म्हणालेच नव्हते. तरी सांगितलं, वटपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी. मग एका दमात बाकीचंही सांगून टाकलं, की मी दुसऱ्या दिवशी सांगणार होते, पण तुम्ही इतके खुशीत होता की मला जमलं नाही, कपाटाचे दिवेही मी त्या प्रमुखाला सांगून लावून घेतले, माझं चुकलं. प्रोग्राम बंद होणारच होता, ते माझ्या हातात नव्हतं, असंही म्हटलं. बाबा म्हणाले, ते बरोबर आहे, मी असतो तर मीही बंद केला असता. आणि ते त्यांनी अगदी सहज म्हटलं. मला जरा हायसं वाटलं, म्हटलं सुटले. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"मग नागपंचमीला मला रजेचं विचारलंस, ते कशाला?"

ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं.

"आणि गणपतीत, ओव्हरटाइमचं? आरतीला न येता दुपारभर आठवत बसलो होतो गं मी ते."

तुम्हाला बरं वाटावं म्हणून, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते वाक्य बोलण्याच्या लायकीचं नव्हतं, एवढं मला तोवर कळलं होतं. प्रोग्राम गेल्याचं त्यांना दुःख झालं असेल, पण ते त्यांनी पचवलं असतं. मोठी मशिनं भंगारात जाताना त्यांनी बघितली होती. लहान मुलाला गप्प करायला हातात खुळखुळा द्यावा तसं मी त्यांना प्रश्न देत होते, हे मात्र त्यांना आत्ता, गाडीत बसल्यावर कळलं होतं. आणि रोज इस्त्रीचा शर्ट घालून ते तो खुळखुळा घ्यायला येत होते. घर येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी रडत होते, पण ड्रायव्हरला कळू नये म्हणून तेही धड नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, कशी झाली पूजा. बाबा म्हणाले, छान झाली, साहेब चांगला माणूस आहे. मग आत जाऊन शर्ट काढला आणि झोपले. सासूबाईंना मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. त्या मला बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मला सांगायचं होतंस, मी तुला थांबवलं असतं, ह्यांना कुणी फसवलेलं चालतं पण कीव केलेली चालत नाही.

बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले असते तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. डबा घेतलास का, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का, तुझे वडील कांद्याचं काय म्हणतात, सगळं विचारतात. सकाळी टेबलावर येतात, पण बनियनवर, आणि पेपर घेऊन. लेट मार्क म्हणत नाहीत. मी समोर बसले की त्यांचा पेपर थोडा वर जातो.

दिवाळीनंतर कारखान्यातून तक्रार आली. काही कामगारांना नव्या हजेरीत रोज लेट मार्क लागत होता, आणि आता पहिल्यांदाच त्याचे पैसे कापले गेले होते. पूर्वी, बाबांच्या प्रोग्राममध्ये, याच लोकांना तो कधीच लागत नसे. मी जुनी फाइल उघडून बघितली तर त्यांच्या नावापुढे एक खूण होती, बाकी काही लिहिलेलं नाही. ते एका खात्यातले नव्हते, एका गावचे नव्हते, एका पाळीतलेही नव्हते. त्यांना विचारलं तर म्हणाले, आम्हाला काय माहीत, आम्हाला लेट मार्क लागत नाही एवढंच माहीत. आणि आमच्या नव्या मांडणीत हजेरीची सर्व्हिस फक्त हजेरी बघते, ती अशा खुणेचं काय करणार. ती खूण कुणी आणि का घातली हे सांगू शकणारा एकच माणूस होता.

आधी मी टाळलं. मग एका सकाळी चहा झाल्यावर विचारलं. बाबा, एक अडलंय, असं म्हणून खूण काय, माणसं कोण, सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला. क्षणभर डोळे मिटले, पूर्वीसारखे. मला वाटलं आता धडाधड सांगतील. त्यांनी डोळे उघडले आणि हसले, अगदी मायेनं.

"हाही तसलाच का गं?"

मी म्हटलं, नाही बाबा, हा खरा आहे, आईशपथ. कॉम्प्युटर विभागाच्या त्या प्रमुखाचा मेसेज दाखवायला मोबाइल पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, तो पोरगा तुला काय हवा तो मेसेज पाठवील, त्यानं दिवे नाही का लावले. रागानं नाही म्हणाले. मला समजावतात तसं म्हणाले.

"खरा असेलही. पण आता मला कळायचं कसं?"

मी शपथ घेतली होती, ती त्यांनी ऐकली होती, आणि लहान मुलाची शपथ ऐकून घेतात तशी ऐकली होती. सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांचा हात थांबला. बाबांनी बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, चहा गार होतोय, घे.

त्या कामगारांना मी सरसकट सूट देऊन टाकली आहे. हजेरीच्या सर्व्हिसमध्ये एकेकाचा नंबर हातानं घालून सांगितलं, यांना लेट मार्क लावायचा नाही. का ते मला माहीत नाही. कुणी विचारलं तर मी सांगते, जुना नियम आहे. सकाळी बाबा समोर बसलेले असतात. त्या लोकांचं पुढे काय झालं, हे ते मला विचारत नाहीत.